२००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी मोठी राज्ये जिंकूनही अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी बराक ओबामा यांना कशी मिळाली?

कारण डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत राज्ये नव्हे, तर पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी मोजले जातात आणि किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवारांमध्ये ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. ५ फेब्रुवारी २००८ चे निकाल पाहावेत: क्लिंटन यांनी न्यू जर्सी जिंकले, पण तेथे त्यांची आघाडी अवघ्या ११ प्रतिनिधींची राहिली; उलट लहानशा आयडाहोमध्ये, कॉकस म्हणजे मतदारांच्या स्थानिक सभांतून, ओबामांनी १८ पैकी १५ प्रतिनिधी मिळवून १२ ची आघाडी घेतली. त्यामुळे अशा चुरशीत जिंकलेल्या राज्यांपेक्षा प्रतिनिधींमधील फरकावर लक्ष ठेवणे मला अधिक योग्य वाटते. मात्र केवळ मतदानातून मिळालेल्या प्रतिनिधींच्या बळावर दोघांपैकी कोणालाही बहुमत गाठता आले नाही. ओबामांनी ३ जूनला ते गाठले, तेव्हा आपल्या पसंतीने मत देऊ शकणाऱ्या सुपरडेलिगेट्सचा, म्हणजे पक्षाचे नेते व पदाधिकारी असलेल्या प्रतिनिधींचा, पाठिंबा त्यात निर्णायक ठरला.