उपग्रह जमिनीचे तापमान कसे मोजतो?

उपग्रह तापमान थेट मोजत नाही. जमिनीतून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण तो टिपतो, आणि त्यातला काही भाग वाटेतच हवेतील बाष्प शोषून घेते. झेंगमिंग वान आणि जेफ डोझियर या संशोधकांनी १९९६ साली मांडलेल्या पद्धतीत सुमारे ११ आणि १२ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या मोजमापांची तुलना केली जाते. बाष्पाचा परिणाम दुसऱ्यावर अधिक होत असल्याने फरकावरून वातावरणामुळे आलेली चूक दुरुस्त करता येते. माझ्या मते अधिक अवघड प्रश्न उत्सर्जकतेचा, म्हणजे पृष्ठभागाच्या प्रारण सोडण्याच्या क्षमतेचा आहे, कारण समान तापमानाची कोरडी वाळू आणि दाट झाडी सारखे प्रारण सोडत नाहीत. पाण्याची उत्सर्जकता मात्र नेमकी ठाऊक असल्यामुळे वान यांनी पडताळणीसाठी दक्षिण अमेरिकेतील टिटिकाका सरोवरही निवडले. ढगाळ आकाशात ही पद्धत चालत नाही.