बटण दाबताच दिवा लागतो, इलेक्ट्रॉन मात्र रेंगाळतो

प्रश्न : 0.5 अँपिअर विद्युतधारा 10 मिनिटे वाहिली, तर तारेतून किती इलेक्ट्रॉन गेले? माझे उत्तर 3.125 × 10¹⁹ येते, पुस्तकात 1.875 × 10²¹ आहे. कोण चुकले?

तुम्हीच! पुस्तकातल्या उत्तराला तुमच्या उत्तराने भागून बघा, बरोबर 60 येतात. म्हणजे मिनिटांचे सेकंद करायचे राहिले. 0.5 × 600 = 300 कूलोम. एका इलेक्ट्रॉनवर 1.6 × 10⁻¹⁹ कूलोम प्रभार असतो. 300 ला त्याने भागा. अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम, एवढे पक्के असले की अशी गल्लत होत नाही.

प्रश्न : बटण दाबताच दिवा लागतो. मग इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावतात का?

छे! हिशोबच मांडू. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 8.5 × 10²⁸ मुक्त इलेक्ट्रॉन असतात. तारेचा छेद 1 चौरस मिलिमीटर आणि धारा 1 अँपिअर धरली, तर ते सेकंदाला जेमतेम 0.07 मिलिमीटर पुढे सरकतात. मीटरभर जायला पावणेचार तासांहून जास्त! (एरवी ते प्रचंड वेगाने भटकत असतातच, पण सगळ्या दिशांना, त्यामुळे त्यातून धारा होत नाही.) मग दिवा लगेच कसा? दिव्याच्या तंतूत इलेक्ट्रॉन आधीपासूनच आहेत, बटणाजवळच्यांची वाट बघावी लागत नाही. बटण दाबले की विद्युतक्षेत्र क्षणात तारेभर पसरते आणि सगळे इलेक्ट्रॉन जिथल्या तिथून सरकू लागतात. घरातल्या प्रत्यावर्ती धारेत तर तेही नाही. ते जागच्या जागी मागेपुढे डुलतात.

प्रश्न : इलेक्ट्रॉन तारेतून घटाच्या ऋण अग्राकडून धन अग्राकडे जातात, मग आकृतीतला बाण उलटा का?

धन-ऋण ही नावे बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात दिली. धन प्रभार वाहतो असे मानून धारेची दिशा रूढ झाली. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये. तो निघाला ऋण. तरी सूत्रांना धक्का लागला नाही, कारण ऋण प्रभार डावीकडे गेला काय नि तेवढाच धन प्रभार उजवीकडे गेला काय, धारा तीच. परीक्षेत बाण धनाकडून ऋणाकडेच काढा.

प्रश्न : दिव्यातून गेल्यावर धारा कमी होते का?

नाही. दिव्याच्या अलीकडे-पलीकडे अमीटर जोडून बघा, दोन्ही काटे सारखेच थांबतात. खर्च होते ती ऊर्जा.