कडू लागला तरच कुडा

प्रश्न : माझ्या जाऊबाईंकडे कातकरी समाजातल्या एक आजी कामाला यायच्या. घरात कुणाला आव पडली की त्या कुड्याच्या झाडाचं पाळ म्हणजे मूळ ताकात उगाळून द्यायच्या, दोन-तीन दिवसांत पोट ताळ्यावर यायचं. आजी आता नाहीत. मी बाजारातून कुड्याची साल आणून तशीच उगाळून घेतली, पण ना चव, ना गुण. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला सारखा मुरडा येऊन आव पडते. त्याला जास्त प्रमाणात देऊ का?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : नको. प्रमाणाचं नंतर, तुम्ही आणलेला कुडाच आहे का ते आधी बघू. ‘ना चव’ असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण मेख तिथेच आहे. पांढऱ्या कुड्याची साल जिभेला लागली की कडवटपणा तासभर जात नाही.

मीही फसले होते. अकोले तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकवत असताना पावसाळ्यात मला आव झाली. मी स्वतःच जंगलातून साल काढून आणली आणि मोठ्या रुबाबात एका ठाकर बाबांना दाखवली. त्यांनी तुकडा चावला आणि थुंकले. “बाई, हा गोडा कुडा. याच्यानं काय व्हायचं न्हाय.”

तो काळा कुडा होता. दोन्ही झाडांना चीक, दोन्हींना पांढरी फुलं, दोन्हींच्या शेंगा जोडीनं लोंबतात. बाबांनी मला शेंगांची टोकं बघायला लावली. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. बियांचंही तसंच : पांढऱ्याचे इंद्रजव कडू, काळ्याचे गोडे. बाजारात एकाची साल दुसऱ्याच्या नावावर खपते, हे जुनंच दुखणं.

पांढऱ्या कुड्यात कोनेसीन नावाचं द्रव्य असतं. आवेच्या अमिबावर ते चालतं, म्हणून आजींचा गुण खरा. पण प्रत्येक मुरडा अमिबाचा नसतो. बाबा साल उगाळण्याआधी विचारायचे : रक्त पडतं का, ताप आहे का, किती दिवस झाले? ताप असला तर द्यायचेच नाहीत. दिलं तरी तीन दिवस, सोबत तांदळाची पेज, तिखट बंद. आपण झाडाचं नाव तेवढं उचलतो आणि हे सगळं मागे ठेवतो. कोनेसीन जास्त झालं तर झोप उडते, माणूस अस्वस्थ होतो. दहा वर्षांच्या मुलावर अंदाजाने प्रयोग नकोच.

त्याची शौचाची तपासणी करून घ्या, डॉक्टर देतील ते औषध पूर्ण करा. तोवर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजत राहा, चमचा चहाचा. रक्त पडलं, ताप आला, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साल स्वतः काढायचा मोह झालाच तर एक सांगते. बाबा खोडाच्या एकाच अंगाची हातभर पट्टी काढायचे. सगळीकडून सोललं की पानातलं अन्न मुळापर्यंत उतरत नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. बाजारासाठी सोलणाऱ्यांना तेवढी सवड नसते.

आणलेली साल मात्र फेकू नका. ज्या दुकानातून घेतलीत, तिथे परत न्या आणि दुकानदारालाच चघळायला द्या.