पावडर कोटिंगला इन्फ्रारेड जोडताना
नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये गॅस ओव्हन आधीच असेल तर तो काढू नका. त्याच्या तोंडाशी इन्फ्रारेडचा, म्हणजे उष्णतेच्या किरणांचा, छोटा बूस्टर हीटर बसवा. धातूवर मारलेली रंगाची कोरडी पावडर तिथेच वितळून चिकटते, पुढे गरम हवेने उडत नाही. पूर्ण क्युरिंग (थर तापून पक्का होणं) ओव्हनवरच सोडा, कारण किरण समोर दिसेल तेवढंच तापवतात. ब्रॅकेटच्या आतला कोपरा कच्चा राहतो.

सेटिंग हवेच्या तापमानावर करू नका. बऱ्याच पॉलिएस्टर पावडरना धातूचं तापमान 180 ते 200 अंश आणि त्यावर 10 ते 15 मिनिटं लागतात; नेमका आकडा डेटाशीटवरचाच धरा. जॉबच्या (कोटिंग करायच्या वस्तूच्या) सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ भागाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून लाइनमधून पाठवा. 1 मिमी पत्रा नि 6 मिमी फ्लॅट (जाड पट्टी) एकाच हँगरवर टांगलात, तर पत्र्यावरचा पांढरा रंग पिवळा पडेल आणि फ्लॅट कच्चाच निघेल. वेगवेगळे चालवा, वेळ गेला तरी चालेल.

इन्फ्रारेड हीटरची क्वार्ट्झ (काचेसारखी) ट्यूब उघड्या हाताने धरू नका. घामातलं मीठ काचेवर राहतं, तापल्यावर तिथे पांढुरका डाग पडतो आणि ट्यूब तिथूनच जाते. हात लागलाच तर थंड असतानाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि कन्व्हेअर थांबला की हीटर बंद, हा इंटरलॉक पहिल्या दिवसापासून हवाच.