कमी दिवसांचं बाळ: व्यायाम कुणी द्यायचा आणि किती?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी विट्याहून लिहितेय. माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, जन्माचं वजन १२०० ग्रॅम होतं. सांगलीत एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवली होती, आता घरी आणलीय आणि वजन १९०० झालंय. सुट्टी व्हायच्या आधी तिथल्या सिस्टरनी मला तिचे हातपाय हळूहळू वाकवून सरळ करायचा व्यायाम शिकवला, हाडांना चांगला असतो म्हणाल्या. पण सासूबाई म्हणतात त्यापेक्षा न्हाऊ घालायला मावशींनाच बोलवू, त्या चांगलं चोळून हातपाय ताणून देतात, आमच्या घरची सगळी पोरं त्यांच्याच हातची. मोबाईलवर पण बाळांच्या व्यायामाचे ढीगभर व्हिडिओ दिसतात. मी नक्की काय करू, आणि व्यायामाने हाडं खरंच बळकट होतात का? (एक आई)

उत्तर: ताई, आधी मावशींना थांबवा, बाकीचं नंतर बोलू. मावशींचा हात चांगलाच असेल, त्याबद्दल वाद नाही, पण तो हात पूर्ण दिवसांच्या अडीच-तीन किलोच्या बाळांवर बसलेला आहे, आणि तुमच्या लेकीची हाडं अजून तेवढी भरलेली नाहीत. पाय धरून ताणणं, उलटं धरणं, हात मागे नेऊन क्रॉस करणं यातलं काहीही तिला सध्या चालणार नाही. ठिसूळ हाड एवढ्यानेही मोडू शकतं. सासूबाईंना नीट समजावून सांगा, त्या मायेपोटीच म्हणतायत, आणि पुढच्या व्हिजिटला त्यांनाच सोबत घेऊन जा म्हणजे डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकतील.

आता हाडं का भरलेली नसतात ते सांगते. जन्माला येताना बाळाच्या हाडात जेवढं कॅल्शियम आणि फॉस्फरस असतं त्यातलं जवळपास ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतं आणि तुमची मुलगी तर त्या तीन महिन्यांच्या सुरुवातीलाच बाहेर आली. दुसरं म्हणजे पोटात बाळ लाथा मारतं तेव्हा ते गर्भाशयाच्या भिंतीला पाय रेटत असतं, आणि जोर पडला की हाड भरतं, हाडाचा स्वभावच तो. काचेच्या पेटीत पाय रेटायला भिंतच नाही, बाळ नुसतं पडून असतं. त्यातून डॉक्टर लोकांना वाटलं की आपणच दिवसातून ५-१० मिनिटं सांधे हलवून, हलका दाब देऊन बघूया, आणि १९९० च्या दशकापासून याचे अभ्यास सुरू झाले.

२०१४ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, असे ११ अभ्यास एकत्र करून तपासले, सगळी मिळून ३२४ बाळं. म्हणजे अभ्यास लहान लहानच. त्यात असं दिसलं की व्यायाम चालू असेपर्यंत वजन थोडं जास्त वाढतं, हाडातली खनिजं पण थोडी वाढतात, पण तो फायदा पुढे टिकतो असं काही सिद्ध झालं नाही, म्हणून प्रत्येक कमी दिवसांच्या बाळाला सरसकट व्यायाम द्या अशी शिफारस त्यांनी केली नाही. माझं मत विचाराल तर सिस्टरनी शिकवलंय आणि तुमचे डॉक्टर हो म्हणतायत तर जरूर करा, पण हाड भरतं ते दुधातून आणि औषधातून. माल पोचला नाही तर नुसत्या हलवण्याने काय भरणार? म्हणून दुधात मिसळायची फोर्टिफायरची पुडी, कॅल्शियम-फॉस्फरसचं सिरप, व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स यातलं जे लिहून दिलंय ते बाळ गुटगुटीत दिसायला लागलं म्हणून मनाने बंद करू नका. रक्तात फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं कमजोर होत असली की रक्तात वाढणारा घटक) तपासायला सांगितलं असेल तर तेही टाळू नका, कारण एक्सरेत कमतरता दिसेपर्यंत हाडातला बराच ऐवज गेलेला असतो.

करायचं कसं तर दूध पाजल्या पाजल्या नाही, तासभर जाऊ द्या, बाळ जागं आणि शांत असताना, खोली उबदार ठेवून, हात धुवून आणि चोळून गरम करून. एका हाताने सांध्याच्या वर आधार द्या, दुसऱ्या हाताने खालचा भाग धरून वाकवा, जिथे बाळाचा सांधा आपोआप थांबतो तिथे तुम्हीही थांबा, मग सावकाश सरळ करा. मनगट, कोपर, खांदा, घोटा, गुडघा, खुबा, प्रत्येकी पाचेक वेळा, झालं. बाळाने स्वतःहून पाय रेटला तर तुमचा तळवा तिथे नुसता राहू द्या. रंग बदलला, उचक्या लागल्या, बोटं ताणून पसरली, अंग ताठ केलं किंवा तोंड फिरवलं तर बाळ दमलंय, तिथेच बंद करा, उरलेलं राहिलं तरी चालेल. व्हिडिओ बघून नवीन काही जोडू नका, त्यातली बाळं बहुतेक पूर्ण दिवसांची आणि मोठी असतात.

अजून एक, लंगोट बदलताना दोन्ही घोटे धरून ढुंगण उचलायची आपली सवय आहे ना, ती सोडा, ढुंगणाखाली तळहात सरकवून उचला. आणि एखादा हात किंवा पाय बाळ हलवेनासं झालं, हात लावला की कळवळून रडतंय, सूज वाटतेय असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पत्रात डोळ्यांच्या तपासणीचा उल्लेख नाही म्हणून विचारते, आरओपीची, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराची, तपासणी झालीय का? ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या बाळाची ती जन्मानंतर महिन्याच्या आत व्हायलाच हवी. राहिली असेल तर उद्याच जा.

प्रश्न: माझा नातू सातव्या महिन्यात झाला. आम्ही त्याला रोज सकाळी कोवळ्या उन्हात घेऊन बसतो, मग व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स बंद केले तर चालतील का? (एक आजी, कोरेगाव)

उत्तर: नाही आजी, ड्रॉप्स चालूच ठेवा. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण फारच कमी असतात, आणि दुपारच्या उन्हात एवढ्याशा बाळाला उघडं ठेवता येत नाही. आपल्या कोरेगाव-साताऱ्याकडं थंडीत पहाटेचा गारठा कसा असतो तुम्हाला माहितीय, अंगावरचं काढलं की एवढं बाळ लगेच गार पडतं आणि मग खाल्लेलं दूध ऊब टिकवण्यातच जातं. त्यापेक्षा आईने छातीशी उघड्या अंगाला लावून वरून शाल घ्यावी, कांगारू केअर म्हणतात ते, आईला विश्रांती हवी असेल तर बाबा घेऊ दे, तुम्ही पण घेऊ शकता. ड्रॉप्सचं मात्र एक बघा, बाजारात एका मिलीत ४०० युनिटवाली बाटली मिळते आणि ८०० वाली पण मिळते, ड्रॉपर साधारण सारखाच. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली की लेबल वाचून घ्या, आणि बाटलीचा फोटो डॉक्टरांना पाठवून आता किती मिली द्यायचं ते विचारूनच द्या.