आपल्या वाट्याचा वारा

प्रिय मुली,

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्यातल्या शेवटच्या ओळीपाशी थांबलो. “सर, मी डाव खेळले की दगा दिला, तेवढेच सांगा,” असे तू लिहिले आहेस. सायकल शर्यतीत अकरावी आलीस याचे दुःख त्या ओळीत नाही. ज्या मुलीच्या चाकामागे, वाऱ्याच्या आडोशाला, तू नऊ किलोमीटर बसून राहिलीस तिने नंतर तुझ्याकडे पाहिलेही नाही, याचे आहे. हे दुःख योग्य जागचे आहे, म्हणूनच एवढे लांब उत्तर लिहायला बसलो आहे.

आधी हिशेब करू. तुम्ही चौघी ब्रेकमध्ये, म्हणजे पुढे निसटलेल्या छोट्या गटात होता, बारा किलोमीटर उरले होते आणि मागच्या बंचपासून, म्हणजे मुख्य घोळक्यापासून, चाळीस सेकंदांची गॅप होती. गाडीतून तुझ्या प्रशिक्षकांनी ओरडून सांगितले की टर्न (पुढे येऊन वारा तोडायची पाळी) घेऊ नकोस, स्प्रिंट (रेषेपाशीची शेवटची धाव) तुझीच आहे. तू मागे बसलीस. मग दुसरी बसली, कारण तू बसली होतीस. तीन किलोमीटर उरले असताना बंचने तुम्हाला गिळले. आता आकडे बघ. ताशी ४५ किलोमीटरने बारा किलोमीटर जायला सोळा मिनिटे लागतात. मागचा बंच ४७ ने आला, तर त्याला पंधरा मिनिटे एकोणीस सेकंद लागतात, म्हणजे तो तुम्हाला अगदी रेषेवर गाठतो. तुम्ही ४६ ने गेला असता, तर वीस सेकंद राखून पोहोचला असता. ताशी एका किलोमीटरची किंमत वीस सेकंद! आणि तुम्ही काय केलेत? एकमेकींकडे बघत ४० वर आलात. तुझी ती स्प्रिंट कोणाविरुद्ध होणार होती? जी शर्यत रेषेपर्यंत पोहोचलीच नाही, तिच्यासाठी तू पाय राखून ठेवलेस.

हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे तुला ठाऊक आहे. ४२ वरून ४५ वर जायला हवेविरुद्ध सुमारे २३ टक्के जास्त ताकद लावावी लागते. चौघींमध्ये प्रत्येकीला एकचतुर्थांश वेळ पुढे राहावे लागते. एक बसली की उरलेल्या तिघींच्या वाट्याला एकतृतीयांश येतो, आणि दोघी बसल्या की निम्मा. दोघींनी निम्मा निम्मा वेळ वारा घेत ४६ टिकवणे अशक्यप्राय आहे. म्हणून माझे सांगणे एकच आहे आणि ते या पत्रात तुला पुन्हा पुन्हा ऐकावे लागेल: ब्रेकमध्ये गेलीस, तर आपल्या वाट्याचा वारा आपण घ्यायचा.

तू विचारतेस की युरोपातले व्यावसायिक स्वार तर सर्रास मागे बसतात, मग आपणच साधेपणा का करायचा. मला वाटते, तू त्या शर्यतींचे शेवटचे पाच किलोमीटर बघतेस आणि आधीचे दीडशे बघत नाहीस. २० जुलै २०२३ चा टूर द फ्रान्सचा अठरावा टप्पा पूर्ण बघ. मूतिये ते बूर-आं-ब्रेस, १८५ किलोमीटरांना थोडे कमी. आदल्याच दिवशी कोल द ला लोझच्या चढाने सगळ्यांचे पाय मोडले होते. पुढचा रस्ता बराचसा सोपा होता आणि यास्पर फिलिप्सन त्या टूरमध्ये चार टप्पे जिंकून बसला होता, त्यामुळे दिवस स्प्रिंटरांचा हे सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. कास्पर आस्ग्रीन, योनास आब्राहामसन आणि व्हिक्टर कांपनार्ट्स सुरुवातीलाच निघाले. पुढे पास्काल ईनकोर्न मागून येऊन त्यांना मिळाला. तो कांपनार्ट्सचा संघसहकारी होता. बंचने या चौघांना मोठी गॅप कधी मिळूच दिली नाही. तरी ते फिरत राहिले, एकामागून एक, तासन्‌तास. कांपनार्ट्सने तर आपल्या सहकाऱ्यासाठी स्वतःच्या वाट्याहून जास्त वारा घेतला आणि शेवटी रिकामा होऊन मागे पडला. रेषेवर आस्ग्रीन पहिला, ईनकोर्न दुसरा, आब्राहामसन तिसरा आणि त्यांच्या पाठीला जवळजवळ टेकलेला फिलिप्सन चौथा. त्या चौघांपैकी एकाने जरी दहा किलोमीटर आधी तुझ्यासारखा विचार केला असता, तर फिलिप्सनचा पाचवा विजय त्या दिवशी ठरलेला होता.

हे कसे घडले ते नीट समजून घे, कारण इथे तुझे प्रशिक्षक चुकले. ब्रेक निघतो तो बंच जाऊ देतो म्हणून. पुढे गेलेल्यांत एकूण क्रमवारीला धोका असलेला कोणी नाही हे बघून मागचे सैल सोडतात. कधी इतके सैल, की २००१ मध्ये पाँतार्लियेच्या टप्प्यात चौदा जणांचा ब्रेक जवळजवळ छत्तीस मिनिटे आधी पोहोचला. सपाट टप्प्यात मात्र स्प्रिंटरांचे संघ ही गॅप उधारीवर देतात आणि शेवटी वसूल करतात. रोबेर शापात हा जुना फ्रेंच स्वार पुढे दूरचित्रवाणीवर समालोचन करी. त्याने घालून दिलेला ठोकताळा आजही सांगितला जातो, की बंच मनावर घेईल तर दहा किलोमीटरमागे एक मिनिट भरून काढतो. त्या हिशेबाने चाळीस सेकंदांच्या गॅपवर तुम्ही संपल्यात जमा होता. पण त्यातल्या “मनावर घेईल तर” या शब्दांवरच सगळे अवलंबून आहे. मागे शंभर जण आहेत, पण पुढे येऊन ओढायचे कोणी, यावर त्यांचेही एकमत नसते. ज्या संघाकडे स्प्रिंटर नाही तो म्हणतो, मी का ओढू. ज्याच्याकडे आहे तो म्हणतो, एकट्याने का ओढू. बंचची ताकद मोठी असते आणि त्याचे दुखणेही तेच असते, जे तुमच्या चौघींना झाले. पाठलाग म्हणजे कोणत्या बाजूचे लोक आधी अंग काढतात याची परीक्षा असते. चार जणींना एकमताने राहणे शंभर जणींपेक्षा सोपे आहे, आणि ब्रेककडे एवढे एकच भांडवल असते. ते तू स्वतःच्या हाताने उधळलेस.

मी कठोर बोलतो आहे, कारण हेच मी केले आहे. तेवीस वर्षांचा होतो. मुंबई–पुणे शर्यतीत खोपोलीनंतर बोरघाट चढलो तेव्हा आम्ही तिघे पुढे होतो. घाटाचा राजा हा किताब आमच्यातल्याच एकाला मिळाला, मला नव्हे, आणि त्याची मला फारशी खंतही नव्हती, कारण लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतच्या उताराच्या-सपाटीच्या रस्त्यावर मी त्या दोघांहून बरा होतो. माझ्या संघाच्या व्यवस्थापकांनी सकाळीच बजावले होते, घाटानंतर कोणासाठीही ओढायचे नाही. कामशेतच्या पुढे मी मागे बसलो. पुढच्याने कोपर हलवून आता तू पुढे ये अशी खूण केली, तेव्हा मी मान हलवून सांगितले की पाय गेले आहेत. माझे पाय शाबूत होते. त्या दोघांनी वडगाव, तळेगाव असे समोरचा वारा खात मला ओढत आणले, आणि देहूरोडच्या आसपास बंचने आम्हा तिघांनाही घेतले. शर्यतीनंतर पाण्याच्या टाकीपाशी त्यांच्यातल्या एकाने, सांगलीकडच्या त्या उंच मुलाने, मला शांतपणे विचारले, “खरंच पाय गेले होते का रे?” मी पुन्हा हो म्हणालो. पुढच्याच वर्षी त्याने नोकरी धरली आणि सायकल सोडली. पुन्हा त्याची भेट झाली नाही. हरलेल्या शर्यती मला फारशा आठवत नाहीत, पण ते दुसरे “हो” मात्र आठवते.

त्यानंतर मी कधीही मागे बसलो नाही. लोक सांगतील की सर भोळे होते, दुसऱ्यांसाठी ओढून हरायचे. होय, माझ्या चाकामागे बसून आलेल्यांनी मला रेषेवर मागे टाकले आहे, एकदा नव्हे, तीनदा. मोठी शर्यत माझ्या नावावर नाही. तरीही मी सांगतो की मी बरोबर होतो, कारण त्या तीनही वेळा आमचा ब्रेक रेषेपर्यंत पोहोचला होता. दुसरा क्रमांक मला मिळाला तो वारा घेतल्यामुळेच. शिवाय पुढच्या काही वर्षांत असे झाले, की मी निघालो की चांगले स्वार माझ्याबरोबर निघायचे, कारण हा माणूस ओढतो हे त्यांना माहीत होते. ब्रेकमध्ये सोबत कोण येणार हे तुझ्या मागच्या शर्यतींतल्या वागण्यावर ठरते. हे मी स्वतःचे समर्थन म्हणून लिहितो आहे, असे तुला वाटेल. वाटू दे. पुष्कळ वर्षे हे कोणी विचारले नाही. तू विचारलेस म्हणून लिहितो आहे.

प्रामाणिक ओढले की जिंकतोच, असे मात्र मी तुला सांगणार नाही. २०१४ च्या टूरमध्ये तालार ते नीम या २२२ किलोमीटरांच्या टप्प्यात जॅक बाउर आणि मार्टिन एल्मिगर सुरुवातीपासून दोघेच पुढे होते, आणि बाउरला अगदी शेवटच्या काही मीटरांत स्प्रिंटरांनी गाठले. तो रस्त्याकडेला बसून रडला. बूर-आं-ब्रेसच्या दुसऱ्याच दिवशी आस्ग्रीन पुन्हा ब्रेकमध्ये होता, पुन्हा पूर्ण ओढत होता, आणि पोलिन्यीच्या रेषेवर माते मोहोरिचकडून इतक्या थोडक्यात हरला, की निकाल छायाचित्रावरून द्यावा लागला. पण मोहोरिचशी रेषेवर झगडण्याइतका तो पुढे होता, कारण तो, मोहोरिच आणि बेन ओकॉनर हे तिघे आधी मिळून तिथवर आले होते.

अपवाद आहे आणि तो मी मान्य करतो. मागच्या बंचमध्ये तुझ्या संघाची स्प्रिंटर असेल, किंवा मागून तुझी सहकारी तुमच्याकडे यायला निघालेली असेल, तर तुला ओढण्याचे कारण नाही. मग तसे स्पष्ट सांग आणि सगळ्यांच्या मागे जाऊन बस. इतर तिघी आपापला निर्णय घेतील. पण तुझ्या बाबतीत असे काहीच नव्हते. तू बहुतेक वेळ बसलीस, पण अधूनमधून पुढे यायचीस, वेग सोडायचीस, बाजूला व्हायचीस. पूर्ण ओढणाऱ्यापेक्षा आणि उघडपणे बसणाऱ्यापेक्षाही ही मधली तऱ्हा ब्रेक लवकर मारते. तुला कोणाला सोडून पुढे जायचे असेल, तर हल्ला कर. ॲना कीझनहोफर या ऑस्ट्रियन गणितज्ञ बाईंनी २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या १३७ किलोमीटरांच्या शर्यतीत सुरुवातीलाच ब्रेक काढला, सोबतिणींबरोबर वाटचाल केली आणि शेवटचे सुमारे चाळीस किलोमीटर उरले असताना चढावर त्यांना मागे टाकून त्या एकट्या निघाल्या. मागे दुसरी आलेली आनेमीक फान फ्लूटन जिंकल्यासारखी रेषेवर हात उंचावून आली, कारण पुढे कोणी आहे याचाच तिला पत्ता नव्हता; त्या शर्यतीत स्वारांच्या कानात संघाचे रेडिओ नव्हते. सोबतिणींना मागे टाकणे हा दगा नव्हे. त्यांच्या पाठीमागे लपणे हा दगा आहे.

आता वारा घ्यायचा कसा, कारण तिथेही तुझी चूक दिसते. पुढे आलीस की वेग वाढवू नकोस. आधीच्या मुलीचा वेग जसाच्या तसा धर. तुला जोर दाखवायचा असतो, त्यामुळे मागे फट पडते आणि ती भरायला तिघींना झटका द्यावा लागतो. ताकद जास्त असेल, तर टर्न जास्त वेळ घे, जास्त जोरात नको. वीस ते तीस सेकंद पुरे. बाजूला होताना ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला हो, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना आडोसा मिळतो. मागे येताना पायांचा जोर कमी कर, पण शेवटचे चाक सुटू देऊ नकोस. तेच चाक सुटले की तुझे श्रम दुप्पट. खाणेपिणे मागे असतानाच उरकून घे. शेवटच्या किलोमीटरवरची लाल कमान दिसेपर्यंत एकमेकींची परीक्षा घेण्याचे खेळ बंद. फार तर दोन किलोमीटर आधी, आणि तेही मागची गॅप डोळ्यांनी पाहून.

तुझ्या प्रशिक्षकांशी मी बोलणार नाही. ते तुझे प्रशिक्षक आहेत आणि त्यांच्याशी तू स्वतः बोलायला हवे. पण त्या मुलीला फोन कर. पाय शाबूत होते हे तिला सांग. आणि तिला विचार, रविवारी पहाटे पाच वाजता तळेगावला येते का. आणखी दोघींना घेऊन या. तळेगाव ते लोणावळा आणि परत, चौघींनी तीस तीस सेकंदांचे टर्न घ्यायचे. मी मागून स्कूटरवर घड्याळ घेऊन येईन आणि कोणी एक सेकंद जरी कमी घेतला, तर हॉर्न वाजवीन.

तुझा,
सर