दोघांनी मिळून सुपरहिरोंचा मारामारीचा गेम खेळताना नुसती बटणंच बडवायची असतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निन्टेन्डोच्या स्विचवर तुम्ही आणि तुमची बायको 'मार्व्हल अल्टिमेट अलायन्स ३' खेळताय. साधे शत्रू पटापट आडवे होतात, पण बॉस, म्हणजे टप्प्याचा मोठा खलनायक, समोर आला की बायकोचा हिरो सारखा पडतो, उरलेली लढाई तुम्ही एकटेच लढता आणि त्यांचा गेममधला रस चाललाय उडत. असले गेम म्हणजे बटणं बडवणंच असतं का, की आणखी काही असतं?

आणखी बरंच असतं, आणि तेच तुमच्याकडून निसटतंय. तुम्ही दोघं एकाच स्क्रीनवर दोन वेगवेगळे गेम खेळताय. हा गेम जोडीदार आत्ता काय करतोय याकडे लक्ष ठेवणाऱ्याला भरभरून देतो, आणि फक्त आपल्या हिरोकडे बघणाऱ्याला बॉसपाशी अडवून धरतो.

सुरुवात बॉसच्या पट्टीपासून करा. स्क्रीनवर बॉसची जीवनपट्टी दिसते, तिच्या जोडीला एक जांभळी पट्टी असते. बहुतेक नवे खेळाडू नुसती जीवनपट्टी बघत राहतात आणि ती हलत नाही म्हणून वैतागतात. खरं काम जांभळ्या पट्टीवर करायचं. ती शिल्लक आहे तोवर तुमचे फटके बॉसला फारसे जाणवत नाहीत. ती संपली की बॉस काही क्षण भेलकांडतो, आणि तेवढ्या वेळात पडलेला प्रत्येक फटका कित्येक पटींनी लागतो. मग पट्टी पुन्हा भरते आणि सगळं नव्याने सुरू होतं. म्हणजे प्रत्येक बॉसची लढाई दोन टप्प्यांत चालते, आधी त्याला डळमळीत करायचं, मग तुटून पडायचं. हे बायकोला एकदा पट्टीवर बोट ठेवून दाखवा. अर्धी लढाई तिथेच सोपी होते.

ती पट्टी खाली आणायला साधा 'वाय' बटणाचा मारा फार उपयोगी पडत नाही. 'एक्स'चा जड फटका बरा. सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो सिनर्जीचा हल्ला, म्हणजे दोन हिरोंनी एकत्र केलेला. एकाने 'आर' दाबून आपला खास हल्ला सुरू केला की जवळच्या दुसऱ्याला 'ए' दाबायची खूण दिसते. त्याने 'ए' दाबलं की त्याचाही हल्ला त्यात मिसळतो आणि दोघांची ताकद एकाच जागी पडते. गेम सांगून टाकतो की बटण कुठलं. कधी दाबायचं, कोणाजवळ उभं राहायचं, हे मात्र दोघांनी बोलूनच ठरवावं लागतं.

माझी धाकटी बहीण आणि मी हाच गेम खेळतो. किंगपिनच्या लढाईत तिची स्टॉर्म असते आणि माझा आयर्न मॅन. किंगपिन धिप्पाड आहे, तो एकाच्या मागे लागला की दुसऱ्याला मोकळी जागा मिळते. तो माझ्याकडे वळला की मी 'झेडआर' दाबून बाजूला सरकत राहतो, मारायच्या फंदात पडत नाही, आणि मोठ्याने सांगतो, "माझ्याकडे आलाय, तू ये." ती त्याच्या पाठीमागे येते, "सोडते गं बाई आता" असं स्वतःशीच पुटपुटते आणि तिचा खास हल्ला सुटतो. त्याच क्षणी मी 'ए' दाबतो. माझ्या छातीतला झोत तिच्या हल्ल्यात मिसळतो, स्क्रीनभर उजेड होतो आणि जांभळी पट्टी सर्रकन खाली येते. असं आणखी दोनदा झालं की तो गुडघ्यावर येतो. त्यावेळी दोघांनीही 'एल' आणि 'आर' एकदम दाबायचे.

हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. 'एल' आणि 'आर' एकदम दाबल्यावर होतो तो सगळ्यात मोठा हल्ला. त्याची पट्टी भरायला वेळ लागतो, आणि ती भरली रे भरली की लगेच वापरून टाकायचा मोह होतो. थांबा. एकाने तो हल्ला सुरू केला की ज्यांची पट्टी भरलेली आहे त्या बाकीच्यांनाही लगेच त्यात सामील होता येतं आणि सगळ्यांचे हल्ले एकत्र पडतात. बॉस भेलकांडलेला असताना हे जमलं तर जीवनपट्टीचा मोठा लचका तुटतो. बायकोची पट्टी भरली का, हे तुम्हाला माहीत असायला हवं. तुमची भरली का, हे त्यांना. बॅडमिंटनच्या डबल्समध्ये "माझी" आणि "तुझी" ओरडावं लागतं, तसंच इथेही तोंड उघडं ठेवूनच खेळायचं.

आता तुमच्या बायकोचा हिरो सारखा का पडतो, याकडे येतो. मला वाटतं, कारण हिरोच्या निवडीत आणि लेव्हलमध्ये आहे, त्यांच्या हातात नाही. या गेममध्ये अनुभवाचे गुण जो हिरो खेळतो त्यालाच मिळतात, बाकावर बसलेला आहे तिथेच राहतो. कथेत पुढे पुढे नवे हिरो मिळत जातात, बायकोला दर वेळी नवा हिरो घेऊन बघावासा वाटत असेल (ते साहजिकच आहे, तीच तर मजा आहे), आणि तुम्ही पहिल्यापासून एकालाच धरून बसला असाल, तर तुमच्या दोघांच्या लेव्हलमध्ये मोठी दरी पडलेली असणार. आधी हे तपासा. दरी असेल तर इन्फिनिटी ट्रायल्स, म्हणजे कथेबाहेरची छोटी आव्हानं, खेळून मिळणारे अनुभवाचे क्यूब त्यांच्या आवडीच्या हिरोवर खर्च करा. त्यांना नवीन हिरो घेऊ नका असं मात्र कृपा करून सांगू नका.

गेममधल्या लॅबमधली सुधारणांची जाळीही वापरा. तिच्यात केलेली वाढ एका हिरोपुरती राहत नाही, सगळ्यांना लागू होते. हिरो सतत बदलणाऱ्या खेळाडूला तिचा सगळ्यात जास्त फायदा होतो. पुष्कळ जण तिकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि पैसे साठवत राहतात. शिवाय संघ निवडताना एकाच गटातले हिरो घेतले, जसे मूळचे अ‍ॅव्हेंजर्स किंवा स्पायडर-मॅनच्या मंडळींपैकी, तर सगळ्या संघाला जास्तीची ताकद मिळते. तुम्ही दोघंच असलात तरी चौघांपैकी उरलेले दोघे गेम स्वतः चालवतो, त्यांचाही या हिशेबात विचार करा. त्यांच्या खास हल्ल्यांतही तुम्हाला 'ए' दाबून मिसळता येतं.

अवघडपणाची पातळी 'फ्रेंडली' करायला लाजू नका. सुरुवातीला 'फ्रेंडली' आणि 'मायटी' अशा दोनच पातळ्या मिळतात. जोडीने खेळायला शिकायचं असेल तर 'फ्रेंडली' उत्तम, कारण तिथे एकमेकांकडे बघायला उसंत मिळते. आणि जोडीदार पडला तर जवळ जाऊन 'ए' धरून ठेवा, तो उठतो. बॉसला आधी संपवून मग उठवू, असं करू नका. चार पावलं मागे घेऊन उठवणं नेहमीच परवडतं, कारण एकट्याने सिनर्जी तितकी जमत नाही आणि ती नसेल तर जांभळी पट्टी लवकर खाली येत नाही.

एका गोष्टीचा दोष तुमचा नाही, बायकोचाही नाही. एका स्क्रीनवर खेळताना या गेमचा कॅमेरा त्रास देतो. सगळ्यांना चौकटीत बसवायच्या नादात तो इतका वर जातो की आपला हिरो कुठला तेच गर्दीत हरवतं. त्यावर माझा उपाय साधा आहे, दोघांनी एकमेकांच्या जवळ राहायचं. सिनर्जीसाठी तसंही जवळ राहावंच लागतं. शक्य असेल तर त्यांना जॉयकॉनची एकच आडवी कांडी देऊ नका, पूर्ण कंट्रोलर द्या. एवढी सगळी बटणं त्या छोट्या कांडीवर सांभाळताना नवख्या माणसाची बोटं अडकतात.

या प्रकारच्या गेमवर बटणं बडवण्याचा शिक्का का बसला, तेही सांगतो, कारण त्यामागे खरं कारण आहे. हे गेम आर्केडमधून, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरून आले. तिथे तुम्ही मरावं आणि आणखी एक नाणं टाकावं, याच हिशेबाने ते रचलेले असत. कोनामीचा १९९२ चा 'एक्स-मेन' घ्या. सायक्लॉप्स, वोल्वरिन, स्टॉर्म, कोलॉसस, नाइटक्रॉलर आणि डॅझलर असे सहा हिरो, सहा जणांना शेजारी शेजारी उभं राहून खेळता येईल असं रुंद यंत्र. त्यात हिरोची खास शक्ती वापरली की त्याचीच जीवनपट्टी कमी होते. फुकट काही नाही. घरच्या कन्सोलवर हे गेम आणताना बऱ्याचदा सोबत खेळणंच कापलं गेलं. 'फायनल फाइट' १९८९ मध्ये आर्केडला दोघांचा होता, सुपर निन्टेन्डोवर तो एकट्याचा झाला. आणि सहा जणांचा तो 'एक्स-मेन' एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर यायला २०१० उजाडलं.

घरी नाणं टाकायचं नसतं. मरण्याची भीती गेली की नुसत्या मारामारीत रस किती टिकणार? रेव्हन सॉफ्टवेअरने २००४ मध्ये 'एक्स-मेन लेजेंड्स' काढला तो याच प्रश्नाचं उत्तर म्हणून, असं मी मानतो. चार हिरोंचा संघ, लेव्हल, वाढत जाणाऱ्या शक्ती, आणि सोफ्यावर बसलेल्या चौघांसाठी एकच लढाई. त्याच घराण्यातून २००६ चा पहिला 'अल्टिमेट अलायन्स' आला, २००९ ला दुसरा, आणि २०१९ च्या जुलैत टीम निंजाने बनवलेला तिसरा, जो तुम्ही खेळताय. या घराण्यात संघ बांधणं हाच गाभा आहे, म्हणून नुसती बटणं बडवली तर तो लवकर कंटाळा आणतो.

आणि इतकं करूनही बायकोला जाळ्या, लेव्हल, क्यूब हे सगळं नकोसं वाटलं, तर त्यांच्यावर लादू नका. 'टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स: श्रेडर्स रिव्हेंज' घेऊन बघा, २०२२ चा. बाजूने दिसणारी जुन्या वळणाची मारामारी, कॅमेऱ्याची कटकट नाही, दोन मिनिटांत हातात बसतो. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: जोडीदाराची जीवनपट्टी कमी झाली असेल तर त्याच्याजवळ जाऊन टाळी द्यायची आणि आपल्यातलं थोडं आयुष्य त्याला द्यायचं. पडलेल्याला पिझ्झाचा तुकडा भरवून उठवताही येतं. स्टोरी मोडपासून सुरुवात करा, आर्केड मोडमध्ये मोजक्याच संधी मिळतात. आणि पहिली टाळी तुम्ही द्या.